पाहुण्याची वही

बेअरिंगच्या कारखान्यात त्यांना छर्रेमास्तर म्हणत. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तपासणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं पोलादी छर्रे पाहण्यात घालवली, म्हणून ते नाव पडलं. ट्रे समोर यायचा, मास्तर तो दिव्याखाली हलवायचे आणि हजारातला जो एखादा केसभर लहान किंवा चपटा असेल तो चिमट्याने उचलून लाल डब्यात टाकायचे. चूक कुठल्या यंत्राची, ती का झाली, हे पाहायचं काम दुसऱ्या खात्याचं. मास्तरांनी फक्त पास की नापास एवढंच सांगायचं. हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं की निवृत्त झाल्यावरही जाता जाईना. वाटाणे सोलायला बसले तरी लहान-मोठे वेगळे करत बसायचे. बायको म्हणायची, "अहो, शिजल्यावर सगळे सारखेच लागतात." मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

घरात ससा आला तो मुलीमुळे. तिची बदली दुसऱ्या शहरात झाली आणि नव्या घरमालकाने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं. जानेवारीत ती पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. "महिनाभर सांभाळा, बाबा. दुसरी जागा मिळाली की घेऊन जाते." महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार. राखाडी रंगाचा, एक कान पडका असा तो प्राणी घरातच राहिला, आणि नाव मात्र त्याला 'पाहुणा' पडलं ते पडलंच.

तो येऊन आठवडा झाला नसेल, तोच पाहुण्याने खाणं सोडलं. मास्तरांना ते त्याच्या वाटीवरून नाही, लेंड्यांवरून कळलं. काल वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, सगळ्या एका साच्यातल्या होत्या. आज मिरीएवढ्या, वेड्यावाकड्या, आणि मोजून अकरा. एरवी दोनशेच्या वर असायच्या. मास्तरांनी पिंजरा उचलला आणि जेवण तसंच टाकून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "सशाचं पोट थांबलं की दिवसभरात खेळ आटोपतो. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हा हाती लागला नसता. तुमची नजर फार चांगली आहे."

एकतीस वर्षांत मास्तरांना असं कोणी म्हटलं नव्हतं. कारखान्यात नजर चांगली असणं पगारातच धरलेलं होतं. साहेब बोलवायचे ते चुकलं तरच. त्या दिवशी घरी येताना मास्तरांनी दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात कारखान्यातल्यासारखे रकाने आखले. तारीख, संख्या, आकार. पुढे दोष, कारण, उपाय. शेवटी शेरा.

मग घराचं वेळापत्रकच पाहुण्याच्या पोटावर चालू लागलं. सकाळी सहाला मास्तर ट्रे बाहेर काढायचे, वर्तमानपत्रावर ओतायचे आणि चष्मा सरसावून बसायचे. शंका आली तर माप घ्यायला व्हर्नियर होताच, कारखान्यातून निरोपाच्या दिवशी मिळालेला. लेंड्यांची केसात गुंतलेली माळ दिसली की त्या दिवशी जास्त गवत आणि दोनदा ब्रश. दुपारी पाहुण्याला मांडीवर घेऊन त्याच्या पोटाला कान लावायचे. आतून गुरगुर ऐकू आली की चेहरा असा खुलायचा, जसा स्वतःच्या मुलीच्या पास होण्यानेही खुलला नसेल. दर सोमवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. शेजारीण एकदा हे सगळं पाहून तोंडाला पदर लावून हसली, तेव्हा बायको म्हणाली, "लोकांच्या घरी ताटाखालचं मांजर असतं, आमच्याकडे ससा आहे." बायको तेव्हा अजून हसत होती.

रविवारी मुलीचा फोन यायचा. मास्तर वही उघडून आठवडा वाचून दाखवायचे. मुलगी कौतुक करायची, प्रश्न विचारायची. बायकोच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं.

"आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय."

आणि फोन खाली.

मार्चच्या अकरा तारखेला ट्रेमध्ये मऊ, चिकट लेंड्यांचे घोस सापडले. ससा अशा लेंड्या टाकतो आणि लगेच स्वतःच खाऊन टाकतो, ती त्याची रीतच. त्या शिल्लक राहिल्या म्हणजे पोटात काहीतरी बिघडलं, हे मास्तरांना आता तोंडपाठ होतं. गवत तपासलं, तेच होतं. पाला तोच, पाणी तेच. तीन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. घरात कोणीतरी पाहुण्याला नको ते खायला घालतंय, एवढं नक्की. आणि घरात होती तीच दोन माणसं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मुद्दाम चमचा पाडला आणि उचलायला वाकले. टेबलाखाली बायकोचा हात होता, हातात पावाचा तुकडा होता, आणि तुकड्याला पाहुणा.

"अगं, काय चाललंय हे?"

तिने हात मागे घेतला. "थोडासाच दिला. आवडतो त्याला."

"आवडतो म्हणून द्यायचा? पावाने पोट सडतं त्याचं. डॉक्टरीणबाईंनी शंभरदा बजावलंय. जीव जाईल त्याचा, कळतंय का?"

"अहो, मला हल्ली हा पाव..."

"तुझं काय मधेच. इथे त्याच्या जिवाशी गाठ आहे. पुन्हा दिसता कामा नये."

"बरं," ती म्हणाली.

ज्याला टेबलाखाली वाकून चोर पकडता येतो, त्याला मान वर करून समोरचं तोंड पाहता येऊ नये, याचा राग येतो. ती प्रत्येक घासामागे पाणी पीत होती. घास गिळताना डोळे मिटून घेत होती. पाव जात नव्हता, आणि ताटात उरलेला दिसला तर हे विचारतील, उगाच धावपळ करतील, म्हणून तो खाली जात होता. पण मास्तरांना ताट रिकामं दिसत होतं, आणि रिकामं ताट म्हणजे पास.

अकरा तारखेच्या नोंदीतले रिकामे रकाने त्यांनी त्या दिवशी सुवाच्य अक्षरात भरले. दोष: मऊ, चिकट. कारण: पाव. उपाय: बायकोला ताकीद दिली, जेवताना पिंजरा बंद. आठ दिवसांनी त्याखाली शेरा: उपाय लागू पडला.

मग ती मागाहून जेवू लागली. "तुम्ही घ्या जेवून, मला भूक नाही अजून." मास्तरांना ते सोयीचंच वाटलं, जेवता जेवता टेबलावर वही पसरता यायची. ती नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीतरी पातळ प्यायची. चहात बिस्कीट बुडवून ते पार विरघळेपर्यंत थांबायची. जून-जुलैत तिचं मनगटी घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरायला लागलं. तिने ते मास्तरांपुढे ठेवलं. "जरा पट्ट्याला भोक पाडून द्या." मास्तर खूश झाले. टोच्या काढला, व्हर्नियरने आधीच्या भोकांमधलं अंतर मोजलं आणि अगदी तेवढ्याच अंतरावर नवीन भोक पाडलं. "बघ, कंपनीचं की माझं, ओळखता येणार नाही." ऑगस्टमध्ये तिने पट्टा पुन्हा आणला. त्यांनी पुन्हा तेवढ्याच अंतरावर, तितक्याच हौसेने भोक पाडलं.

ऑक्टोबरमध्ये मुलीला जागा मिळाली आणि ती पाहुण्याला न्यायला आली. मास्तर पाहुण्याला कडेवर घेऊनच दार उघडायला गेले. "बघ, एक किलो आठशे. आणलास तेव्हापेक्षा कमी भरला तर नाव बदलेन." मुलगी त्यांच्या खांद्यावरून आत पाहत होती. आई भिंत धरत येत होती. तिचा स्वेटर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

"आई, हे काय झालंय तुझं?"

मास्तरांनी वळून पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. दवाखाना, दुर्बिणीची तपासणी, मग मोठं रुग्णालय. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर तरुण होते, फाईलवरून नजर न काढता विचारत होते.

"घास अडकायला नक्की कधी सुरुवात झाली?"

"असतील थोडे दिवस," ती म्हणाली.

"थोडे म्हणजे किती? ती गाठ किती वेगाने वाढतेय, ते मला कळायला हवं."

मुलगी बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही तर रोज समोर बसता जेवायला."

"ताट रिकामं असायचं तिचं," मास्तर म्हणाले. पाहुण्याने सात सप्टेंबरला किती गवत खाल्लं, हे विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं.

आईजवळ मुलगी थांबली आणि मास्तर पाहुण्याला खायला घालायला घरी आले. ट्रे काढला, वर्तमानपत्रावर ओतला. लेंड्या गोल, कोरड्या, एका साच्यातल्या. नोंद करायला वही घेतली आणि पेन तसंच हातात राहिलं. ताट रिकामं असायचं. मग ताटातलं जायचं कुठे? ते टेबलाकडे पाहत राहिले, मग टेबलाखाली पाहिलं. मग त्यांनी एकेक पान मागे उलटायला सुरुवात केली. ऑगस्ट, जून, एप्रिल. मार्चच्या पानावर ते थांबले. अकरा तारीख. कारण: पाव. त्यांचंच अक्षर, खाली रेघ मारलेलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. त्या दिवसाची नोंद झालीच नाही.

वही काखेत मारून ते रुग्णालयात परतले. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. बायको उशीला टेकून बसली होती.

"पाव तुला जात नव्हता, म्हणून त्याला देत होतीस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "तुम्ही कोण देतंय ते शोधलंत. का देतंय, ते विचारलंत कुठे? मी सांगायला गेले, तर त्याच्या जिवाशी गाठ होती." मग म्हणाली, "पाणी द्या जरा. चमच्याने."

ते चमच्याने पाणी पाजत होते, तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. मास्तर उठून उभे राहिले, साहेब खात्यात आल्यावर राहायचे तसे, आणि वही पुढे केली.

"अकरा मार्च. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सुरुवात झाली."

डॉक्टरांनी पान पाहिलं आणि भुवया वर गेल्या. "वा. इतकी नेमकी तारीख कोणी आणत नाही हो. लोकांना महिनासुद्धा आठवत नाही." त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. "हे कोणाचं आहे?"

"सशाचं," मास्तर म्हणाले. "तारीख तिची आहे."

डॉक्टरांना काही उमजलं नाही, आणि त्यांना वेळही नव्हता. त्यांनी तारीख फाईलमध्ये उतरवून घेतली, बोटांवर महिने मोजले, सात, आणि वही परत देताना म्हणाले, "तेव्हाच आणायला हवं होतं यांना."