मामंजींच्या मोटारीला वार्निश

माझ्या सासऱ्यांना मी मोटारीच्या सीटला चिकटवलं, तेव्हा मला त्या घरात येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते.

मामंजी कसबा बावड्यातले निवृत्त मुख्याध्यापक. शाळेत त्यांना मुलं भीत, घरी आम्ही. (मांजरसुद्धा ते बाहेर पडल्यावरच दूध प्यायचं.) त्यांनी एका डॉक्टरांची जुनी मोटार घेतली होती. इंजिन खणखणीत, पण आतून पार कळा गेलेली. दारांच्या अस्तरावर तेलकट डाग, रेक्झिनला भेगा, भेगांतून डोकावणारा काथ्या. रविवारी नणंदेच्या लग्नाचं पक्कं करायला याच गाडीतून कोडोलीला जायचं होतं. आधीची दोन स्थळं मामंजींच्या रागापायी मोडली होती.

गाडी आतून नवी केली तर सासरी आपलं नाव होईल, असं मला वाटलं. शनिवारी मी रिठ्याच्या पाण्यानं दारं घासली, काथ्या आत कोंबला, भेगा शिवल्या आणि पुढच्या सलग सीटवर झकास वार्निशचा हात मारला. माझ्या वडिलांचं उचगावात फर्निचरचं दुकान. वार्निशनं जुनी खुर्ची नवी होते, हे मी लहानपणापासून बघत आलेले. खुर्ची लाकडाची असते, एवढं तेवढं विसरले! वार्निश मागच्या सीटला पुरलं नाही, म्हणून हळहळलेसुद्धा.

रविवारी सकाळी सीटवर तळवा टेकवला आणि उचलताना चट्‌ असा आवाज आला. धावत जाऊन चादर आणली, अंथरली. मामंजी आले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, टोपी. त्यांनी चादर पाहिली, सीट एवढी चकचकीत असताना ती झाकता कशाला म्हणाले, आणि चादर काढून बसले. मी चादरीची घडी घालून मागे जाऊन बसले.

वैशाखातलं ऊन. तासाभराच्या वाटेत मी मागे सासूबाईंजवळ बसून मामंजींच्या पाठीकडे बघत होते. खड्डा आला की आम्ही सगळे उडायचो. मामंजी उडत नव्हते!

कोडोलीला, गाडी चालवत आलेले हे उतरले तेव्हा टर्रकन आवाज झाला, पण टेरिलिनची पँट टिकली. मामंजींनी उठायचा एकदा प्रयत्न केला आणि ते थांबले. धोतर वर येत नव्हतं. दारात मुलाचे वडील हात जोडून उभे, त्यांच्यामागे सगळी भावकी. मी मनातल्या मनात माहेरची बॅग भरली.

"पावणं, उतरा की. च्या झालाय," मुलाचे वडील म्हणाले.

"गुडघा धरलाय जरा," मामंजी म्हणाले. आयुष्यातलं त्यांचं पहिलं खोटं असावं.

"मग हितंच बोलूया," म्हणत ते गृहस्थ दुसऱ्या दारानं आत येऊन त्यांच्या शेजारी बसले. तेही धोतरातच! मी डोळे मिटून घेतले.

उठून जाणं शक्य नसल्यामुळे मामंजींना रागावताही येईना. अर्ध्या तासात मुहूर्त, मानपान, सगळं ठरलं. मग मुलाचे वडील उठायला गेले आणि जागच्या जागी थबकले. त्यांनी मामंजींकडे निरखून पाहिलं.

"पावणं, तुमचा गुडघा न्हाय, ढुंगाण धरलंय व्हय?"

मग मामंजी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्याचीही मला भीतीच वाटली. शेंगदाण्याचं तेल ओतून दोघांना सोडवलं, तेव्हा दोन धोतरं सीटवरच राहिली. मामंजी जेवायला बसले ते व्याह्यांच्या धोतरात.

परतताना ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, यापुढे गाडीला फक्त फडकं."

लग्न झालं, आता नणंदेला नातवंडं आहेत. पण नवऱ्याशी वाजलं की ती अजून मलाच धारेवर धरते, "वहिनी, तुझं वार्निश जरा जास्तच घट्ट बसलं!"