गुरुवारी न सापडणारा फॉल्ट

“आज पण सगळं ओकेच म्हणायलंय ना तुमचं मशीन?” बिराजदार सरांनी विचारलं.

मी सर्व्हर रूमच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. समोर ओटीडीआर. हे यंत्र फायबरच्या एका टोकातून प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून केबल कुठे तुटली, कुठे दबली ते ग्राफवर दाखवतं. ग्राफ अगदी स्वच्छ होता. “ओकेच आहे,” मी म्हणाले, आणि मला त्या ग्राफचाच राग आला.

चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या सीट बनतात. पुढची गाडी कोणती, तिला कोणत्या रंगाची सीट, हे गाडी बनवणारी मोठी कंपनी आमच्या इंटरनेट कंपनीने टाकलेल्या फायबर लिंकवरून सतत कळवत असते. त्याच क्रमाने सीट ट्रकमध्ये चढतात. लिंक गेली की क्रम येत नाही आणि लाइन थांबते. आमची लिंक जायची काही सेकंदच, पण सिस्टीम पूर्ववत व्हायला बराच वेळ लागायचा. तेवढ्यात ओरडाआरडा सुरू. आम्ही स्विच बदलला, पॅच कॉर्ड बदलल्या, यूपीएस तपासला. काही म्हणता काही सापडेना.

बिराजदार सर तिथले आयटी मॅनेजर, मूळचे लातूरचे. आमच्या फायबरची निवड त्यांची होती. त्या दिवशी ते माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, शनिवारी मीटिंग हाय. लिंक दुसऱ्या कंपनीला द्यायलेत अन् मला गुजरातच्या प्लँटला पाठवायलेत. पोरगी बारावीला हाय माझी.”

मी सामान आवरलं.

तिथून पिंपळे गुरवला आई-बाबांकडे जेवायला गेले. बाबा फोर्जिंग कंपनीतून रिटायर झालेत. या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आमच्या घरात रविवार गुरुवारी यायचा. मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, मार सुद्धा बहुतेक गुरुवारीच, कारण बाबा घरी असायचे. रिटायर झाले तरी त्यांचा वार बदललेला नाही. हॅमरपाशी आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. मी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला तर हसले.

“तुला शांतता आवडायला लागली व्हय? लहानपणी गुरुवारी रडून जीव काढायचीस. हॅमर बंद असला की झोपच लागायची नाही तुला.”

तेव्हा आम्ही फोर्जिंगच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहायचो. हॅमर म्हणजे लालभडक लोखंडावर पडणारा अजस्र घण. तो पडला की फळीवरची भांडी थरथरायची.

माझा घास हातातच राहिला. चाकणच्या त्या कंपनीशेजारी फोर्जिंग शॉप आहे आणि आमची केबल त्याच्याच भिंतीलगत जमिनीखालून जाते. तिथेही सुट्टी गुरुवारी. सीट कंपनी आम्हाला लिंक बंद करून तपासायची परवानगी द्यायची तीही फक्त गुरुवारी. म्हणजे हॅमर थंड असताना आम्ही जायचो आणि सगळं ओके म्हणून परत यायचो.

बॉसला फोन केला. त्यांना पटेना. गुरुवारी तक्रार येत नाही, कारण तक्रार करायला तिथे माणूसच नसतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लिंक पडल्याचा अलर्ट माणूस पाठवत नाही, सिस्टीम पाठवते, आणि गुरुवारी तो मला एकदाही आलेला नाही. मग मात्र ते जा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी प्लँट हेड शिर्के साहेबांसमोर उभी राहिले. चालू लाइनवर लिंक काढून टेस्ट करायची, म्हटल्यावर त्यांनी चष्माच काढला. फार तर लंच टाइम देतो, म्हणाले.

“लंचमध्ये नको सर. तेव्हा हॅमरपण थांबतो.”

“मॅडम, लाइन थांबली तर?”

“सर, पेशंटला ताप येतो दुपारी आणि तुम्ही डॉक्टरला बोलावता पहाटे. मग डॉक्टर काय सांगणार?”

माझा आवाज जरा चढलाच होता. तेवढ्यात बिराजदार सर पुढे झाले. पुढच्या सीटचा क्रम आधीच काढून लाइनला देतो, तेवढ्यात टेस्ट होईल, असं त्यांनी सांगितलं. “माझ्या जबाबदारीवर करू द्या, साहेब,” ते म्हणाले. शनिवारी ज्याचा निकाल लागायचा तो माणूस शुक्रवारी आणखी जबाबदारी अंगावर घेत होता. शिर्के साहेबांनी मान हलवली.

ओटीडीआर लावला. ग्राफ कालच्यासारखाच स्वच्छ. मग शेजारून ठोका आला, धप्प. पायाखालची फरशी हलली आणि ग्राफवर एका जागी पायरीसारखी खाच पडली. लगेच गेली. पुढचा ठोका, पुन्हा तिथेच खाच. “बघा,” मी म्हणाले. बिराजदार सर स्क्रीनवर वाकले ते वाकलेलेच राहिले.

खाचेची जागा बरोबर फोर्जिंगच्या भिंतीलगतच्या चेंबरमध्ये निघाली. आमच्या जॉइंटरने, रफिकभाईंनी, झाकण काढून जॉइंट बॉक्स उघडला. केबलचे दोन तुकडे जिथे जोडतात तो हा डबा. आतला एक केसासारखा धागा ट्रेमधून निसटून कडेला चिमटीत सापडला होता. हॅमर पडला की तो वाकायचा आणि प्रकाश कमी व्हायचा; ठोका जोराचा असला की पुरता अडायचा आणि लिंक जायची. रफिकभाईंनी तो कापून नवा जोड दिला, ट्रेमध्ये नीट बसवला आणि बॉक्सखाली जाड रबर घातलं.

पुन्हा टेस्ट. धप्प. ग्राफ हलला नाही. धप्प. हलला नाही. मी अक्षरशः टाळी वाजवली. जन्मात मला तो ठोका इतका गोड लागला नव्हता.

शिर्के साहेबांना सरळ सांगितलं की चूक आमच्याच कंपनीची होती. ते बिराजदार सरांना म्हणाले, “उद्याची मीटिंग कशाला ठेवायची आता? कॅन्सल करा.” बिराजदार सरांनी बाहेर जाऊन आधी मुलीला फोन लावला. काचेतून दिसत होतं, डोळे पुसत हसत होते.

नंतर शोधलं तर तो जॉइंटही गुरुवारीच केलेला होता. सगळं शांत असताना जोडला, शांत असतानाच तपासला आणि पास केला. तेव्हापासून आमच्या टीममध्ये एक नियम आहे: गुरुवारी केलेलं काम शुक्रवारी तपासायचं, शेजारचा हॅमर चालू झाल्यावर.