मिस्त्रीचाचा आणि थकलेलं इंजिन

डिझेलचं इंजिन थकतं पण मरत नाही, असं शपथेवर सांगणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत, कडुलिंबाखाली, बाजेवर बसून समोरच्या टेम्पोकडं एकटक पाहत असेल. सगळा परिसर त्यांना मिस्त्रीचाचा म्हणतो. चाचा माणसांना अरे-तुरे करतात, इंजिनांना मात्र अहो-जाहो. गिऱ्हाईक केवढंही मोठं असो, ‘थांब तिकडं सावलीत,’ एवढंच त्याच्या वाट्याला येतं. काळा धूर ओकणाऱ्या टेम्पोपुढं मात्र ते कमरेत वाकतात आणि हळूच विचारतात, ‘काय झालं हुजूर, दम लागतोय?’ काम कधी होईल हा प्रश्न त्यांना अजिबात सोसत नाही. एका भाजीवाल्यानं तो एका दिवसात तीनदा विचारला, तेव्हा चाचांनी त्याच्या हातात त्याच्याच गाडीचा पिस्टन ठेवला. ‘घे, तूच विचार त्यांना.’ तो बिचारा तासभर पिस्टन मांडीवर घेऊन बसला होता. उठला तेव्हा त्याची घाई कुठल्या कुठं गेली होती.

माझी बिडकीनजवळ रोपवाटिका आहे. मोसंबीची आणि सीताफळाची रोपं गावोगाव पोचवणारी माझी जुनी पिकअप गेल्या वर्षी निळा धूर सोडायला लागली. डिझेलइतकंच ऑईल प्यायची आणि चढ आला की उभी राहायची. तीन ठिकाणी दाखवली, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं : भंगारात द्या. नवी घ्यायची तर रोपवाटिकेची अर्धी जमीन विकावी लागणार होती. शेवटी गाडी दोरानं ओढत चाचांकडं आणली.

त्यांनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले, ते उघडेचनात. मला वाटलं, झोपले.

‘हुजूर झिजलेत,’ ते म्हणाले. ‘झिजले म्हणजे इमानदारीनं राबलेत. झिजलेलं भरून काढता येतं, भाऊ. ब्लॉक तडकला असंल तर मात्र माझ्या हातात काय नाय. आधी ते बघू.’

मग इंजिन उतरलं. चाचांनी त्याचा एकेक भाग धुऊन चाचींच्या फुलाफुलांच्या चादरीवर ओळीनं मांडला. चाची दारातून म्हणाल्या, ‘लग्नापासून एक चादर धड ऱ्हायली नाय माझी!’ चाचा म्हणाले, ‘अगं, पाहुणे हायेत. उघड्या जमिनीवर बसवू का?’

त्या दुपारी त्यांनी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडाला, रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. कुठं बारीक तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ काढणार होतं. आम्ही दोघं बाजेवर बसून त्या पांढऱ्या लोखंडाकडं पाहत राहिलो. कडुलिंबाची पानं गळत होती. चाचा एकेक पान फुंकर मारून उडवत होते. माझ्या डोळ्यांपुढं मोसंबीच्या रोपांच्या रांगा येत होत्या, अर्ध्या माझ्या, अर्ध्या दुसऱ्याच्या. रेघ आली नाही. सूर्य पत्र्याआड गेला तरी आली नाही. चाचांनी खडूचा हात माझ्या पाठीवर ठेवला, सदऱ्यावर पंजा उमटला. ‘सलामत हायेत,’ ते म्हणाले.

पुढं सिलिंडर आतून कोरून बोर झाले, नवे पिस्टन आणि रिंगा बसल्या, क्रँक घासून त्याला नवी बेअरिंगं मिळाली. दोन महिने लागले. मी एकदाही ‘कधी’ विचारलं नाही. चावी फिरवली तेव्हा इंजिन एकदा खोकलं आणि मग असं एकसुरात चालू झालं, की चाची पीठ मळता मळता दारात आल्या.

‘आता यांना रुळवायचं,’ चाचांनी बजावलं. ‘हजार किलोमीटर ओझं नाय, घाई नाय. मी संगं येतो. तुझा काय भरवसा?’

रविवारी सकाळी आम्ही पैठणच्या रस्त्यानं निघालो. सायकलवाल्यांना तेवढं मागं टाकत जायकवाडीच्या काठाशी पोचलो. समोर पाणीच पाणी, वर धुकं, मध्ये पांढरे पक्षी. चाचा खाली उतरले. ‘इतकं पाणी?’ ते म्हणाले. ‘अन् आमच्या नळाला आठ-आठ दिवस थेंब नाय!’ मग पक्ष्यांकडं बघत म्हणाले, ‘लई गाड्या चालत्या केल्या रे. त्या कुठं कुठं जाऊन आल्या. आपण कधी असं निघालोच नाय. हिला आणायला पायजे होतं.’

पुढच्या रविवारी चाची आल्या, ठेवणीतली साडी नेसून, खिडकीशी. त्याच्या पुढच्या रविवारीही. हजार किलोमीटर कधीच होऊन गेले. एकदा चाचांची नजर मीटरच्या आकड्यावर पडली. मी म्हणालो, ‘चाचा, अजून जरा रुळवायला पाहिजे, नाही का?’ त्यांनी डोळे मिटून इंजिनाकडं कान दिला. ‘व्हय,’ म्हणाले, ‘अजून जरा.’

यंदा त्यांनी एकही इंजिन उतरवलेलं नाही. हात थरथरतात म्हणतात. रविवारी मात्र सकाळी दोघं तयार होऊन बाजेवर बसलेली असतात. आम्ही तिघं चाळीसच्या वेगानं पाण्याकडं जात राहतो, मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढं निघून जातात, आणि चाची त्या प्रत्येकाला हात करतात.