टिप बदलायची राहिली

पॅकिंगमधून मला लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, घेतलं तेव्हा बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात कुजबुज झाली. लेथ चालवणारी पहिलीच बाई. "महिनाभर बघू, नाहीतर परत पॅकिंगला," असं सुपरवायझरनी तोंडावर सांगितलं होतं. मी मुळात हट्टी. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या समा भागातून स्कूटरवर येताना मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत यायची.

लोखंड कापणारी टिप झिजली की लेथचा आवाज आधी बदलतो. मग जॉबवर, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यावर, ओरखडे उठतात, बोटाला खरखर लागते. टिप बदलायची, इतकं साधं. पण त्यासाठी स्टोअरच्या खिडकीशी जावं लागे, आणि तिथे कोणीतरी विचारणारच, "एटलामां घसाई गई, बेन?" एवढ्यात झिजली? त्या प्रश्नाला घाबरून मी झिजलेल्या टिपेवरच चाळीस शाफ्ट काढले आणि फिरत्या जॉबवर पॉलिश पेपर धरून ओरखडे घालवले. शाफ्ट असे चकाकले की मला माझंच कौतुक वाटलं.

शेजारच्या लेथवरच्या गुजराती काकांनी त्यातला एक उचलला. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. नखाने चाचपून ते म्हणाले, "बेन, आ चमक मशीननी नथी, तमारा हाथनी छे." मशीनची नाही, तुमच्या हाताची. मग जाडी मोजायचं मायक्रोमीटर लावून दाखवलं. पेपर जिथे जास्त दाबला गेला होता तिथे शाफ्ट बारीक झाला होता. बेअरिंग त्यावर सैल बसलं असतं. तपासणीच्या आधी स्वतः जाऊन सुपरवायझरना सांगा, म्हणाले. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. काकांनी आपला लेथ बंद केला आणि माझ्याबरोबर चालू लागले.

सुपरवायझरनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पॅकिंगच बरं," एवढंच म्हणाले.

"साहेब," काका म्हणाले, "पेपर मीही घासलाय. कितीतरी वर्षं. फरक एवढाच, मी कधी सांगायला आलो नाही."

ज्यांच्या कामाची सफाई बघायला नव्या माणसांना मुद्दाम पाठवत, ते हे सगळ्यांदेखत बोलले. चाळीसही शाफ्ट भंगारात गेले, लेथ माझ्याकडेच राहिला. मी त्यांचे आभार मानायला गेले. ते मान खाली घालून हात पुसत राहिले. इतक्या वर्षांचं नाव स्वतःच्याच तोंडाने घालवल्यावर त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.