जामवालीचा शनिवार

किस्से जमवावे लागत नाहीत हो! आमच्या शेल्टरमध्ये तासभर बसा. कुत्र्यांचे केस साडीला चिकटतात, तसे तेही चिकटून घरापर्यंत येतात. केस झटकले की जातात, किस्से काही जात नाहीत.

मी वर्ध्यात शिवणक्लास चालवते. क्लासमधल्या चिंध्या कुत्र्यांखाली अंथरायला कामी येतील म्हणून देवळी रोडवरच्या शेल्टरला द्यायला गेले आणि तिथलीच झाले. शेल्टर चालवतात प्रशांतभाऊ. भात शिजवते मंदाताई. आणि शनिवारी येतात डॉक्टर.

डॉक्टर भला माणूस. पण जे जनावर बरं होणारच नाही, नुसतं कुजत पडणार, त्याला इंजेक्शन देऊन तेच मोकळं करतात. त्यामुळे शुक्रवारपासून मी कॅलेंडरकडे बघत नाही.

जामवाली आली आणि मी कॅलेंडर भिंतीवरून काढूनच ठेवलं. जाम गावच्या चौकात ट्रकनं उडवलेली, भुऱ्या रंगाची कुत्री. पुढचे पाय धडधाकट, मागचे गेलेले.

डॉक्टर म्हणाले, "रोज जखम धुऊन पट्टी बदलणारं घर मिळालं तर जगेल. इथल्या गर्दीत ते होणार नाही. जखम चिघळली, की मी तिचे हाल बघत बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे जखम चिघळायच्या आत घर शोधायचं! ज्या जिल्ह्यात चालत्याफिरत्या कुत्र्याला कोणी नेत नाही, तिथे बसलेलीला कोण नेणार?

*

आमच्याकडे जनावर ज्या गावात सापडतं, त्याच गावाचं नाव त्याला मिळतं. ही पद्धत प्रशांतभाऊंची. आम्हाला ती सोपी वाटते, बसमधल्या लोकांना नाही.

एकदा मी बसमध्ये फोनवर ओरडत होते, "पुलगावला अजून जुलाब होताहेत? आणि सेलू चावला? बरं, जामवालीचं काय? डॉक्टरांना सांगा, मी पोचेपर्यंत इंजेक्शन देऊ नका!"

फोन ठेवला तर अख्खी बस माझ्याकडे बघत होती. शेजारचे आजोबा काळजीनं म्हणाले, "बाई, देवळीचं ठीक आहे ना? मले तेथंच उतरा लागते!"

*

दर शनिवारी एक गृहस्थ काळ्या कुत्र्याला पोळी घालायला येत. कुणीतरी शनीचा उपाय सांगितलेला. आमचा कोळशासारखा काळा सेलू त्यांची वाटच बघत असे.

प्रशांतभाऊंनी एकदा धीर करून विचारलं, "काकाजी, एवढा जीव लावता, त घरीच न्या ना याले! रोज उपाय होईन!"

काकाजी दचकले. "घरी नेलं त घरचाच झाला ना तो! घरच्याले पोळी देल्याचं काय पुण्य?"

मंदाताई विचारात पडली. तिनं हळूच मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, जामवालीले तव्याची काजळी लावून पाहू का? निदान पोळी त भेटन तिले."

*

मग मी म्हटलं, फोटो चांगला टाकू. जखम दिसली की लोक पुढे सरकवतात. मी रात्रंदिवस ब्लाऊज शिवणारी बाई, कुत्रीचा फ्रॉक काय अवघड? लाल फुलांच्या कापडाचा, मागे झालरवाला फ्रॉक शिवला. पट्टी झाकली गेली. जामवाली अशी काही देखणी दिसली, की प्रशांतभाऊ म्हणाले, "आता त लगन जमलंच समजा!"

फोटो टाकला आणि खरंच फोन सुरू झाले. पहिला फोन मी शिवण अर्ध्यावर टाकून उचलला.

"ताई, तो फोटो पाहिला. फारच गोड! माझ्या मुलीसाठी तसाच फ्रॉक शिवून द्याल का?"

नंतरचे सगळे फोन तसलेच! कुत्रीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला हसू येत होतं आणि रडूही.

*

एकाने मात्र जामवालीला न्यायचं कबूल केलं होतं. सज्जन दिसत होता. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जखमही पाहिली. म्हणाला, "फक्त केळझरच्या गणपतीले विचारून येतो. काही नवीन करायच्या आंधी आमी विचारतोच."

आम्ही रोज गेटकडे बघायचो. मोटरसायकल वाजली की मंदाताई हातातला झारा घेऊन बाहेर! शनिवार उजाडला, तरी त्याचा पत्ता नाही.

शेवटी प्रशांतभाऊ म्हणाले, "बाप्पा नाई म्हणाले वाटते."

मंदाताई उसळली. "बाप्पाचं नाव काऊन घेता? त्याच्या बायकोनं नाई म्हटलं असन!"

*

त्याच शनिवारी डॉक्टर आत आले आणि जामवाली भुंकायला लागली. साधंसुधं नाही. शेल्टरचे पत्रे हादरतील असं!

"दुखतंय तिला," डॉक्टर म्हणाले.

"नाही हो! वर वानरं आहेत पत्र्यावर, त्यांना भुंकतेय!" मी.

डॉक्टरांनी वर पाहिलं. तोपर्यंत वानरं पसार! आता काय दाखवू? त्यांनी पट्टी उकलली. जखमेची कड लाल दिसत होती. त्यांनी नवी पट्टी बांधली.

"पुढच्या शनिवारपर्यंत बघू," ते म्हणाले. "पण ताई, तेव्हा मला अडवू नका."

त्यानंतरचा अख्खा आठवडा मी क्लासमधल्या पोरींचे ब्लाऊज उलटे शिवत होते.

*

सिंधूबाई देवळीच्या पलीकडची. वांगी, टोमॅटो, सांबार लावते आणि बाजारात स्वतः विकते. आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ते ठाऊक असेलच. वानरांसाठी तिला कुत्रा हवा होता, म्हणून आम्ही तिला सेलू दिला होता. तरणाबांड, वाऱ्यासारखा पळणारा. एक घर जमलं म्हणून पेढेसुद्धा वाटले.

मी ब्लाऊज उलटे शिवत होते, त्याच आठवड्यात ती ऑटोतून उतरली. सोबत सेलू! परत आलेलं कुत्रं बघणं फार वाईट. ते आनंदानं शेपूट हलवत येतं, आणि आपलं काळीज तुटतं.

"काऊन व बाई? भुकत नाई का?" प्रशांतभाऊंनी विचारलं.

"भुकते ना! पण वांदराच्या मांगं धावते बी! वांदरानं दोन वांगे खाल्ले, अन यानं अख्खा सांबार तुडवला! टमाट्याचे वाफे पाहा जाऊन, रोलर फिरवल्यासारखे झाले! वांदरं परवडले जी मले!"

तेवढ्यात पत्र्यावर धप्प आवाज झाला. वानरं आली होती. जामवाली जागच्या जागी पुढच्या पायांवर उठली आणि तिनं असा काही आवाज काढला, की वानरं कडुनिंबावर आणि तिथून थेट रोडपलीकडे!

सिंधूबाई बघतच राहिली. "हे काऊन धावून नाई राह्यली?"

प्रशांतभाऊंनी मान खाली घातली. "तिले धावताच येत नाई बाई. पाय गेले तिचे."

"मंग मले आंधी काऊन नाई दाखवली?"

मी घाबरत घाबरत जखमेचं सांगितलं. रोज धुवावं लागेल, पट्टी बदलावी लागेल, कोरड्यात ठेवावं लागेल. बाई आता नाही म्हणणार, मग म्हणणार, अशी वाट बघत.

"मले त दिसभर वावरातच राहा लागते," ती म्हणाली. "एक पट्टी बांधल्यानं काय माहे हात झिजते?"

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी जामवाली ऑटोतून गेली. फ्रॉक घालून!

*

आठवड्यानं मी फोन केला. सिंधूबाईनं उचलला नाही. पुन्हा केला, नाही. मनात नको नको ते येऊ लागलं. जखमेत अळ्या पडल्या असतील, बाईनं कंटाळून कुठं सोडून दिली असेल. न राहवून मी बस धरली.

वावराजवळ पोचले. भुंकणं नाही, काही नाही! चिडीचूप.

मांडवाखालून सिंधूबाई धावत आली, तोंडावर बोट ठेवून. "हळू बोला जी! आत्ताच झोपली थे. फोनचा आवाज बी तिच्यासाठीच बंद ठेवला."

खाटेखाली फ्रॉकवर डोकं ठेवून जामवाली घोरत होती. पट्टी पांढरीशुभ्र. मी तिथेच बांधावर बसून पोटभर रडले. सिंधूबाईनं पाणी दिलं आणि बाजाराला न्यायची वांगी पिशवीत कोंबली.

*

पण एका जामवालीनं शनिवार थोडाच संपतो? पुलगाव राहिलाच होता. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला, त्याचेही मागचे पाय गेलेले. त्याला न्यायला कोणी आलं नाही. शनिवारी डॉक्टरांनी त्याची पट्टी उकलली, पाहिलं आणि बॅग उघडली. मंदाताई भाताच्या पातेल्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पुलगावचं डोकं मांडीवर घेतलं. तो माझा हात चाटत होता.

डॉक्टरांनी सिरिंज भरली आणि गेटवर गाडी थांबली.

गाडीचा दरवाजा वाजला आणि माझ्या मनात एकच आलं. सिंधूबाई! जामवालीला परत घेऊन आली!

पण उतरले अनोळखी लोक. धोतरवाले एक आजोबा आणि मागे चार-पाच शेतकरी.

"सिंधूबाईच्या धुऱ्याले लागूनच आमचे वावरं," आजोबा म्हणाले. "तिच्या वावरातले सारे वांदरं आमच्या वावरात येऊन राह्यले. आमाले बी कुत्रे पाह्यजेत."

प्रशांतभाऊंचा चेहरा फुलला! त्यांनी लगबगीनं सेलूला आणला, मागोमाग आणखी एक दांडगा. "पाहा काकाजी, कसे तयार आहेत! हरणासारखे धावतात!"

आजोबांनी दोघांकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि प्रशांतभाऊंच्या खांद्यावरून आत, माझ्या मांडीकडे बोट दाखवलं.

"धावणारे नाई पाह्यजेत जी. तसे बसके किती आहेत तुमच्याकडं?"

डॉक्टर सिरिंज हातात धरून तसेच उभे होते.