झोळ ठेवलेली जाळी

माझी मावशी कपडे शिवते. गल्लीच्या टोकाला तिचं एका मशीनचं दुकान आहे. तिच्या हाताला यश आहे, आणि ते ती स्वतःच सगळ्यांना सांगते. "दुसरे सांगतील म्हणून किती थांबायचं?" हे तिचं म्हणणं. शिवणीत जरा झोळ दिसला की तिचं डोकं फिरतं. कुणाकडे गेली तरी आधी त्यांचे पडदे ओढून सरळ करते, मग बसते.

वर डोंगरातल्या जंगलात पक्ष्यांचं संशोधन केंद्र आहे. तिथे अंगठ्याएवढा एक पक्षी राहतो, हळदी गळ्याचा. त्याचं गाणं अख्ख्या दरीला ऐकू जातं, पण तो काही दिसत नाही. तिथली माणसं त्याला शिट्टी म्हणतात. त्याच्यासाठी झाडांमध्ये बारीक काळ्या जाळ्या लावायच्या, सापडला की वजन करून, पायात कडं घालून सोडून द्यायचा. या जाळ्या फाटल्या, तेव्हा केंद्राच्या बाईंनी त्या मावशीकडे रफूला दिल्या. मावशीनं असं रफू केलं की फाटलं कुठे होतं ते सापडेना. जाळी खाटेसारखी ताठ.

आठवड्याभरात बाई दुकानात आल्या.

"पक्षी आदळून उलटे फेकले जातायत. आज एक शिट्टी खाली पडली. वाचली, पण बराच वेळ उठली नाही. राहू द्या आता, मी नव्या जाळ्या मागवते."

पडले तरी नाक वर, ही मावशीची रीत. पण त्या दिवशी तिनं मशीनवरचा हात काढला. मग म्हणाली, "मी ती जाळी लावलेली कधी पाहिलीच नाही. अंगावर घालून न बघता कपडा शिवला. चूक माझीच. एक जाळी द्या, तिथे येऊन करते. पुन्हा पक्षी पडला तर मीच त्या जाळीला कात्री लावीन."

मी पिशवी घेऊन तिच्याबरोबर वर गेलो. केंद्रातली चांगली जाळी दोऱ्यांमधून सैल लोंबत होती. पक्षी धडकला की त्या सैल भागात अलगद पडून राहायचा.

"म्हणजे झोळ हवाय?" मावशीनं विचारलं.

"झोळच हवाय," बाई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा बघून मला हसू आवरेना. केंद्राच्या जेवणाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या गजांना जाळी बांधून तिनं आपलंच रफू उसवलं, आणि स्वतःला शिव्या घालत सैल हातानं पुन्हा विणलं. मूठ दाबून बघायची, नाक मुरडायची, आणखी सैल सोडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी लागली. आम्ही झुडपामागे बसलो. शिट्टीचं गाणं जवळ आलं तशी मला भीतीच वाटली. हा पक्षी पडला तर मावशी पुन्हा रफूला सुई धरणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

पक्षी आला, जाळीला लागला आणि झोळात उतरला. शांत पडून राहिला.

कडं घालून झाल्यावर बाईंनी तो मावशीच्या मुठीत दिला. मावशीनं तो अलगद धरला. तिचे डोळे भरून आले.

"एवढ्याशा छातीत केवढी धडधड," ती म्हणाली आणि मूठ उघडली.

शिट्टी फांदीवर बसली आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असं गायली. मावशीनं पदरानं डोळे पुसले, मग बाईंकडे वळली.

"आणा आता बाकीच्या फाटक्या जाळ्या. आणि त्या नव्या मागवू नका."