वजा करायचा राहिलेला मीटर

आमच्या गल्लीत त्यांना टेपकाका म्हणतात. पेशाने परवानाधारक भूमापक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी मोजल्या. कमरेला कायम मोजायची टेप. बोलणं मात्र बेताचं. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, "या टेपमध्ये गाणी भरायचीच राहिलीत." काका हसायचे आणि कप खाली ठेवायचे.

आमची ओळख अवघड ठिकाणी झाली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या आणि शेजारच्या चष्मेवाल्यांच्या जागेमधली हद्द मोजली. बाबांना ती मान्य झाली नाही. मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड होता. सकाळी बाबा त्यावर बसून दाढी करायचे. मोजणीत तो दगड पलीकडे गेला आणि मध्ये भिंत उभी राहिली. बाबा ओरडले, "त्याला म्हणावं चष्मे विक, माझ्या जमिनीवर नजर ठेवू नकोस!" गल्ली हसली. पुढे बाबांचं नावच 'हद्दवाले' पडलं. शेवटपर्यंत ते येईल त्या पाहुण्याला भिंत दाखवायचे. मी घाईघाईने विषय बदलायचे. नकाशावर शिक्का होता. बाबांकडे नुसता शब्द होता. मी शिक्क्यावर विश्वास ठेवला.

बाबा गेले तेव्हा टेपकाका आले. दारातच थांबले. "त्यांना माझं काम पटलं नव्हतं," म्हणाले. "तरी आलोय." आईने खुर्ची पुढे केली.

मी तेव्हा साहित्य शिकत होते. काका माझ्याकडून पुस्तकं नेऊ लागले. परत देताना एखादंच वाक्य बोलायचे. "यातलं घर बाहेरून लहान आहे आणि आतून मोठं." किंवा, "नदी दोनदा उलटी वाहते." दोन्ही वेळा मी पानं चाळून पाहिली. त्यांचं बरोबर होतं. अशी आमची मैत्री झाली. मला ते 'साहित्यिक' म्हणायचे, चिडवायला.

या वर्षी एका दुपारी ते पुस्तक न घेता आले. हातात एक जुनी मोजणीवही. सोबत त्यांची लेक. तीही भूमापक. वर्षभरात काका थांबणार होते आणि कार्यालय तिच्याकडे जाणार होतं.

"बस, साहित्यिक. आईलाही बोलाव."

चष्मेवाल्यांच्या पलीकडचं घर ते नव्या यंत्राने मोजत होते. त्यांच्याच जुन्या नकाशाशी गल्ली जुळेना. फरक एक मीटरचा. नेमका.

"थोडाफार फरक असता तर ऊन, उतार, काहीही म्हटलं असतं," ते म्हणाले. "नेमका एक मीटर म्हणजे माणूस."

मग त्यांनी कमरेची टेप सोडून दाखवली. टेपचं टोक झिजतं. कडी सैल होते. म्हणून जाणता मोजणीदार शून्य धरत नाही. एक मीटरची खूण कोपऱ्यावर धरतो, आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करतो. त्या दिवशी चष्मेवाल्यांच्या बाजूच्या रस्त्याच्या कोपऱ्यापासून आमच्या हद्दीपर्यंत चौदा मीटर साठ आलं होतं. लिहायला हवं होतं तेरा साठ. वहीत चौदा साठच होतं.

"म्हणजे दगड..." आई म्हणाली.

"तुमचा आहे, वहिनी."

  मला बाबांनी भिंतीकडे रोखलेलं बोट दिसत होतं.

लेकीने धीर करून म्हटलं, "बाबा, यांना सांगितलंत ना? हद्द दुरुस्त करू. परिषदेला कशाला कळवायचं? परवाना जाईल. आयुष्यभर सांभाळलेलं नाव जाईल. कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"मी विचारलंय."

भूमापक परिषदेचा नियम तसा साधा. आपली चूक आपल्याला सापडली, तर ज्याचं नुकसान झालं त्याला आणि परिषदेला, दोघांना लेखी कळवायचं. कितीही वर्षांनी. तो नियम पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

पत्र लिहायला त्यांनी मला बसवलं. मी सुरुवात केली, 'दुर्दैवाने...' त्यांनी ते खोडलं.

"दैव कुठे होतं तिथे? टेप होती."

पुढे मी लिहिलं, 'मालक आवाज चढवून बोलत असल्यामुळे उलट मोजणी होऊ शकली नाही.' उलट मोजणी म्हणजे दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजून पडताळणं. ती झाली असती तर चूक तिथेच सापडली असती. काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे तुझ्या बाबांवर ढकललंस तू."

"खरं आहे ना पण? ते ओरडत होते."

"ओरडले ते. राग मला आला." त्यांनी पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, 'मला राग आला होता, म्हणून मी उलट मोजणी केली नाही.'

माझ्या पदवीचा त्या पत्राला फारसा उपयोग झाला नाही.

सुनावणीला मी सोबत गेले. लांब टेबल, तीन सदस्य, पंखा कुरकुरत होता. अध्यक्षबाईंनी कागद उलटसुलट केले.

"तक्रारदार हजर आहेत का?"

कारकून खाकरला. "तक्रारदार हेच आहेत, मॅडम."

"आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते?"

"तेही हेच."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग जुनी मोजणीवही मागितली. काकांचं अक्षर बारीक आणि सरळ. मालकाची हरकत असेल तर ती त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायची, हाही नियमच. रागातसुद्धा काकांनी तो पाळला होता. बाईंनी मोठ्याने वाचलं:

"मालकाचे म्हणणे: हद्द दगडाच्या पलीकडे, माझं एक मोठं पाऊल. मी रोज टाकतो, मला माहीत आहे."

बाबांचं वाक्य. अकरा वर्षं वहीत मिटून पडलेलं. घरात आम्ही ते कधी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. ते इथे जसंच्या तसं होतं, शब्दही न बदलता. मी खिडकीकडे बघत राहिले.

निकाल त्याच दिवशी लागला. परवाना सहा महिने स्थगित. प्रकरण नावासकट परिषदेच्या पत्रिकेत छापायचं. परवाना रद्द मात्र केला नाही. कारण म्हणून बाईंनी त्याच पानावर बोट ठेवलं.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "सहा महिने घरात काय करणार तुम्ही?"

"साहित्यिककडे जाड पुस्तकं आहेत."

मागच्या आठवड्यात लेकीने हद्द नव्याने मोजली. आधी सुलट, मग उलट. काकांना टेपला हात लावायची मनाई. आम्ही सगळे भिंतीपलीकडे, चष्मेवाल्यांच्या अंगणात; काका पाठीमागे हात बांधून उभे. चष्मेवाले आधी कुरकुरले, मग आकडे पाहून म्हणाले, "ठीक आहे. भिंत हलवू." खुंटी ठोकली गेली. दगडाच्या पलीकडे.

मी काकांना म्हटलं, "बाबांचा शब्द मला तुमच्यामुळे परत मिळाला." इतकंच जमलं. अजूनही याहून नीट सांगता येत नाही.

"शब्द त्यांचाच होता," ते म्हणाले. "मी फक्त उतरवून घेतला होता. आणि मग ऐकला नाही."

आईने हाक मारली, "बसा की दगडावर. आता आमचाच आहे."

ते बसले नाहीत. दगडापाशी गेले, टाच त्याला टेकवली आणि खुंटीकडे एक मोठं पाऊल टाकलं. वीतभर कमी पडलं.

त्यांनी खाली पाहिलं.

"तुझ्या बाबांचे पाय लांब होते," ते म्हणाले.